ऑगस्टीन : सवय, संकल्प आणि कृपा

पाश्चात्त्य आत्मचरित्राचा इतिहास सांगताना हिप्पोच्या ऑगस्टीनपासून (३५४–४३०) आरंभ करण्याचा प्रघात आहे. तत्त्वज्ञानाच्या इतिहासात तो काल आणि स्मृती यांचा चिंतक म्हणून, तर ख्रिस्ती धर्मशास्त्रात कृपासिद्धान्ताचा आचार्य म्हणून ओळखला जातो. या सर्व भूमिकांच्या तळाशी मात्र एक साधा आणि सर्वपरिचित प्रश्न आहे. अमुक गोष्ट वाईट आहे हे मनुष्याला पटलेले असते, ती सोडावी असे त्याला मनापासून वाटतही असते. तरीही ती त्याच्याने सुटत का नाही? ऑगस्टीनच्या आयुष्यातील बरीचशी वर्षे या प्रश्नाशी झगडण्यात गेली, आणि त्याच्या पुढील लेखनाला जे वळण लागले तेही या झगड्यातूनच.

लॅटिनमधील कोन्स्वेतूदो हा शब्द त्याच्या लेखनात वारंवार येतो. मराठीत त्यासाठी सवय, खोड आणि व्यसन असे तीन शब्द सुचतात. पण सवय फार सौम्य, व्यसन ठरावीक विषयांपुरते मर्यादित आणि खोड जवळजवळ उपजत स्वभावात जमा होणारी. केलेले कर्म चित्तावर ठसा ठेवते आणि तो ठसा पुन्हा त्याच कर्माकडे ओढतो, हा भारतीय दर्शनांतील संस्कार या संज्ञेचा आशय त्याला अधिक जवळचा आहे. भेद एवढाच, की ऑगस्टीनच्या विचारात पूर्वजन्माला स्थान नाही. सवयीची कडी मनुष्य याच जन्मात, स्वतःच्या संमतीने घडवतो, असे त्याचे म्हणणे आहे.

ऑगस्टीनचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४ रोजी रोमन आफ्रिकेतील थागास्ते या गावी झाला. आजच्या अल्जीरियातील सूक अहरास हे ते ठिकाण. वडील पात्रिकियस बेताच्या ऐपतीचे जमीनदार होते. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो आयुष्याच्या अखेरीस. आई मोनिका ही मात्र निष्ठावंत ख्रिस्ती होती. मुलाने वक्तृत्वशास्त्रात नाव काढावे याविषयी उभयतांचे एकमत होते. मादौरा येथील शिक्षणानंतर पैशाअभावी सोळाव्या वर्षी त्याला वर्षभर घरी बसावे लागले. या रिकामपणाच्या काळात सवंगड्यांबरोबर त्याने एका रात्री शेजारच्या बागेतील नासपतीची फळे चोरली. घरी याहून चांगली फळे होती, भूकही नव्हती. चोरलेली बहुतेक फळे डुकरांपुढे फेकण्यात आली. पुढे धर्माध्यक्ष झालेल्या या पुरुषाने आपल्या ग्रंथाचे दुसरे पुस्तक बव्हंशी या क्षुल्लक चोरीच्या चिकित्सेला दिले, याचे अनेकांना नवल वाटते. परंतु चिकित्सेचा निष्कर्ष मार्मिक आहे. फळांची गोडी तेथे नव्हतीच. गोडी होती ती निषिद्ध कृत्याची आणि संगतीची. एकटा असता तर आपण ते केले नसते, हे त्याने नमूद केले आहे.

सतराव्या वर्षी, रोमानियानस या धनिकाच्या आश्रयाने, तो कार्थेजला गेला. याच सुमारास वडील वारले. कार्थेजमध्ये एका स्त्रीशी त्याचा सहवास सुरू झाला. विधिपूर्वक विवाह नसला, तरी रोमन समाजाला हा संबंध अपरिचित नव्हता. सुमारे पंधरा वर्षे दोघे एकत्र राहिली, आणि तिच्यापासून त्याला अदेओदातुस हा मुलगा झाला. तिचे नाव ऑगस्टीनने कोठेही लिहिलेले नाही. एकोणिसाव्या वर्षी सिसेरोचा होर्तेन्सियस हा आता लुप्त झालेला ग्रंथ त्याच्या हाती पडला आणि ज्ञानाची ओढ त्याच्या मनात जागी झाली. पवित्र शास्त्र त्याने उघडून पाहिले, पण सिसेरोच्या भाषेपुढे त्याची शैली त्याला गावंढळ वाटली.

त्यानंतर तो मानीच्या पंथाकडे वळला आणि सुमारे नऊ वर्षे त्या पंथाचा श्रोता, म्हणजे गृहस्थ अनुयायी, राहिला. प्रकाश आणि अंधार ही दोन अनादि तत्त्वे असून मनुष्यात त्यांचा संग्राम चाललेला आहे, अशी त्या पंथाची शिकवण होती. तिचे आकर्षण कशात होते, हे त्याने नंतर निःसंकोचपणे सांगितले. पाप करतो तो मी नव्हे, माझ्यात शिरलेले परके तत्त्व ते करते, असे मानले की अपराधाचे ओझे उतरते. पुढे पंथाचा नामांकित आचार्य फाउस्टस याची भेट झाली तेव्हा तो गोड बोलणारा, पण शंकांचे निरसन करू न शकणारा गृहस्थ निघाला, आणि ऑगस्टीनची श्रद्धा ढासळली. ३८३ मध्ये तो आईला चकवून रात्रीच्या वेळी रोमकडे निघाला. पुढील वर्षी सिमाकुस या नगराधिकाऱ्याच्या शिफारशीने त्याला मिलान येथे, सम्राटाच्या दरबारी नगरीत, वक्तृत्वाच्या अध्यापकाची जागा मिळाली.

सवयीच्या बळाविषयी ऑगस्टीनने जे लिहिले त्याला केवळ स्वतःचा अनुभव आधारभूत नव्हता. जवळच्या दोन व्यक्तींचे वृत्तान्तही त्याने दिले आहेत. मोनिका लहान असताना पिंपातून मद्य काढून आणण्याचे काम तिच्याकडे असे. प्रथम गंमत म्हणून ती ओठ ओले करी; रोज थोडे थोडे वाढत ती भरल्या पेल्यापर्यंत पोहोचली. एकदा भांडणात दासीने तिला दारुडी म्हणून हिणवले. तो शब्द तिला झोंबला आणि सवय त्याच दिवशी सुटली. दुसरी हकीकत त्याचा मित्र अलिपियस याची आहे. रोममध्ये सहाध्यायांनी त्याला ओढून मल्लांच्या प्राणघातक द्वंद्वांच्या रंगमंडलात नेले. शरीराने येईन, मनाने येणार नाही, असे म्हणून तो डोळे मिटून बसला. कोणी एक योद्धा पडला, प्रचंड गलका झाला, आणि कुतूहलाने त्याने डोळे उघडले. रक्त पाहताच तो त्यात गुंतला. पुढे तर इतरांना घेऊन तेथे जाऊ लागला. मोनिकेला एका टोमण्याने सोडवले. अलिपियसला मात्र स्वतःच्या निग्रहावरील भरवशानेच गोवले. निग्रहाच्या मर्यादेचा हा विचार ऑगस्टीनच्या मनात पुढे फार दूरवर गेला.

मिलानमध्ये धर्माध्यक्ष अँब्रोज यांची प्रवचने तो प्रथम वक्तृत्वाच्या ओढीने ऐकू लागला. शास्त्रातील ज्या कथा त्याला अडाणी वाटत होत्या त्यांचा रूपकात्मक अर्थ त्याला तेथे कळला. मारियस विक्टोरिनसने लॅटिनमध्ये आणलेल्या नवप्लेटोवादी ग्रंथांनी दुसरी अडचण दूर केली : दुष्टता हे स्वतंत्र द्रव्य नसून सत्तेचा ऱ्हास आहे, हे त्याला पटले. मानीच्या मताचा बौद्धिक आधार येथे संपला आणि अपराधाचे दायित्व पुन्हा स्वतःच्या इच्छेवर आले.

याच काळातील एक घटना त्याच्या चरित्रात सर्वांत अधिक सलणारी आहे. मोनिकेने त्याच्यासाठी प्रतिष्ठित घराण्यातील मुलगी पाहिली. तिला विवाहयोग्य वय होण्यास अजून दोन वर्षे होती. या योजनेला अडसर नको म्हणून मुलाच्या आईला आफ्रिकेस परत पाठवण्यात आले. दुसऱ्या पुरुषाशी संबंध ठेवणार नाही, असे व्रत घेऊन ती गेली. मुलगा वडिलांपाशी राहिला. आपल्या हृदयाला त्या वेळी जखम झाली व ती भळभळत राहिली, असे ऑगस्टीनने लिहिले; पण दोन वर्षांचा विरहही न साहवून त्याने दुसरी स्त्री जवळ केली, हेही त्याने लपवले नाही. जिला कोणतीही प्रतिष्ठा नव्हती त्या स्त्रीने जो संयम तत्काळ स्वीकारला तो आपल्याला साधला नाही, हे त्याच्या कथनातून उघड होते. आधुनिक वाचकाला येथे केवळ कामविकाराचा प्रश्न दिसत नाही. एका निष्ठावान स्त्रीवर झालेला अन्याय दिसतो, आणि त्याची पुरेशी जाणीव या ग्रंथात आहे की नाही, याविषयी अभ्यासकांत आजही मतभेद आहेत.

या वेळी त्याची बुद्धी ख्रिस्ती धर्माकडे पूर्ण वळली होती, तरी पाऊल पुढे पडत नव्हते. तारुण्यात तो ब्रह्मचर्यासाठी प्रार्थना करी, पण ती इतक्यात फळू नये असेही त्याला वाटे. आपल्या अवस्थेचे त्याने केलेले विश्लेषण मानसशास्त्राच्या इतिहासात महत्त्वाचे ठरले आहे. इच्छा वाकडी झाली की तिच्यातून वासना उपजते. वासनेची चाकरी करता करता सवय जडते. आणि सवयीला विरोध केला नाही म्हणजे तिची अनिवार्यता होते. साखळी लोखंडाची नव्हती. ती त्याच्या स्वतःच्या इच्छेची होती. नवी इच्छा जन्माला आली होती, पण जुनी अधिक मुरलेली होती, आणि दोन्ही त्याच्याच होत्या. मानीपंथीयांनी येथे दोन तत्त्वे पाहिली असती. ऑगस्टीनने एकाच मनाची झालेली फाळणी पाहिली.

३८६ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस दोन वृत्तान्त त्याच्या कानी आले. विक्टोरिनससारख्या विख्यात पंडिताने उतारवयात उघडपणे बाप्तिस्मा घेतल्याची हकीकत वृद्ध सिम्प्लिशियनने सांगितली. पोंतिशियन या आफ्रिकेच्या दरबारी गृहस्थाने इजिप्तमधील संन्यासी अंतोनीची, तसेच त्याचे चरित्र वाचून राजसेवा सोडणाऱ्या दोघा अधिकाऱ्यांची कथा सांगितली. पाहुणा गेल्यावर ऑगस्टीन घरामागील बागेत गेला. अनेक वर्षांच्या सवयी जणू वस्त्राला धरून कुजबुजत होत्या, आम्हांवाचून तुझे कसे होणार असे विचारत होत्या, असे त्याने त्या घटकेचे वर्णन केले आहे. अंजिराच्या झाडाखाली तो रडत असता शेजारच्या घरातून एका लहान मुलाचा गाण्यासारखा आवाज आला. उचलून वाच, असा त्याचा आशय होता. त्याने पौलाची पत्रे उघडली आणि रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायातील, विलास सोडून ख्रिस्ताला धारण करण्याविषयीचा भाग त्याच्या दृष्टीस पडला. पुढे वाचण्याची गरज उरली नाही. अलिपियसनेही तेथेच आपला निर्णय घेतला.

त्याने अध्यापकपद सोडले. कासिकियाकुम येथे मित्राच्या मळ्यावर काही महिने चिंतनात घालवून ३८७ मध्ये, २४–२५ एप्रिलच्या रात्री, अँब्रोज यांच्या हस्ते त्याने बाप्तिस्मा घेतला. अलिपियस आणि अदेओदातुस त्याच्याबरोबर होते. त्याच वर्षी आफ्रिकेच्या वाटेवर ओस्तिया बंदरात मोनिका ५६ व्या वर्षी मरण पावली. ३८८ मध्ये तो थागास्तेला परतला. बुद्धिमान मुलगा अदेओदातुस अल्पवयातच वारला. ३९१ मध्ये हिप्पो येथे लोकांनी आग्रहाने, जवळजवळ बळेच, त्याला पुरोहित केले आणि चारपाच वर्षांत तो तेथील धर्माध्यक्ष झाला.

परिवर्तनाच्या कथा सामान्यतः बागेतील प्रसंगापाशी संपतात. ३९७ नंतर लिहिलेले ऑगस्टीनचे तेरा पुस्तकांचे आत्मनिवेदन तेथे संपत नाही, आणि त्याचे वेगळेपण यातच आहे. दहाव्या पुस्तकात तो बागेतील ऑगस्टीन न राहता लिहिण्याच्या क्षणीचा धर्माध्यक्ष होतो आणि स्वतःची झडती घेतो. जागेपणी जे सुटले ते स्वप्नात परत येते. अन्न औषधासारखे घ्यावे म्हटले, तरी भूक आणि चव यांची सीमा नेमकी कोठे, हे कळत नाही. चर्चमधील स्तोत्रगायनात अर्थापेक्षा स्वराने मन हलले की त्याला अपराधी वाटते. पण त्याच स्वरांनी पूर्वी अश्रू आणले होते, म्हणून संगीताचा निषेधही करवत नाही. शेतात सशामागे धावणारा कुत्रा, घरात माश्या पकडणारी पाल, एवढ्यानेही त्याचे चित्त विचलित होते. सर्वांत चिवट म्हणजे स्तुतीची आवड. कारण तिचा त्याग केल्याचाही अभिमान वाटू शकतो.

एका प्रवचनात त्याने आणखी साधी कबुली दिली. उठता बसता शपथ घेण्याची त्याला सवय होती. देवाच्या भयाने तो तिच्याशी झगडला. झगडता झगडता ती क्षीण झाली आणि अखेर सुटली. ही कबुली श्रोत्यांना धीर देण्यासाठी होती, कारण हिप्पोतील कोळी, शेतकरी, व्यापारी यांच्या तोंडीही शपथा असतच. बागेतील मुक्ती एका क्षणाची होती, ही मुक्ती दिवसांच्या हिशेबाने मिळालेली. दोन्हींत कृपेचेच कार्य आहे, असे तो मानत असे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, अशी म्हण मराठीत आहे. ऑगस्टीनने शुभवर्तमानातील तीन मृतांच्या कथांचा जो अर्थ लावला, तो या म्हणीला भिडणारा आहे. घरातच मेलेली याईराची मुलगी म्हणजे मनात संमत झालेले पाप; वेशीबाहेर नेलेला नाईनच्या विधवेचा मुलगा म्हणजे कृतीत उतरलेले पाप; आणि चार दिवस थडग्यात असलेला लाजर म्हणजे सवयीने दडपलेला मनुष्य. थडग्यावरचा दगड हे सवयीचे ओझे. खोड मेलेल्यालाही सोडत नाही, पण मेलेल्यालाही हाक ऐकू येते, असा या व्याख्येचा रोख आहे.

या विचाराला आव्हान मिळाले ते पेलेजियसकडून. रोममध्ये राहणाऱ्या या ब्रिटनच्या तपस्व्यासमोर कोणी ऑगस्टीनच्या ग्रंथातील, देवाने जे आज्ञापिले ते करण्याचे बळही द्यावे अशा आशयाची प्रार्थना वाचली, तेव्हा तो संतापला. असे म्हटले तर मनुष्य हातपाय गाळून बसेल, अशी त्याची भीती होती. पापाची सवय मनुष्याला जखडते, हे पेलेजियसलाही मान्य होते. पण देवाने दिलेल्या स्वतंत्र इच्छेने ती तोडता येते, असे तो मानी. ऑगस्टीनच्या मते इच्छाच रोगी असल्यामुळे ती स्वतःचा वैद्य होऊ शकत नाही. आदमापासून आलेला दोष तिला ग्रासून आहे. ४१८ मध्ये कार्थेजच्या धर्मसभेने पेलेजियसचे मत त्याज्य ठरवले. तथापि वाद शमला नाही. एक्लानुमच्या ज्युलियनने वृद्ध ऑगस्टीनवर जुना मानीपंथ मागील दाराने आणल्याचा आरोप केला, आणि त्याला दिले जाणारे उत्तर ऑगस्टीनच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले. सवय हीच जणू दुसरी प्रकृती होते, असे म्हणणाऱ्याने प्रकृतीच दूषित मानली तर मनुष्याच्या दायित्वाचे काय, हा ज्युलियनचा प्रश्न सहज बाजूला सारता येण्याजोगा नव्हता.

सवयीच्या कल्पनेचा एक कठोर उपयोगही ऑगस्टीनने केला, आणि त्याच्या चरित्रकाराला तो टाळता येत नाही. आफ्रिकेतील ख्रिस्ती समाज डोनाटिस्ट आणि कॅथलिक अशा दोन गटांत विभागलेला होता. आरंभी ऑगस्टीन वादविवादाने ऐक्य साधू पाहत होता. पुढे शाही कायद्यांच्या धाकाने त्याच्या गावासकट अनेक ठिकाणी लोक कॅथलिक झाले, तेव्हा त्याने मत बदलले. ४०८ च्या सुमारास लिहिलेल्या एका पत्रात त्याने असा युक्तिवाद केला, की पुष्कळांना सत्याने नव्हे तर जुन्या सवयीच्या साखळीने त्या पंथात धरून ठेवले होते, आणि भीतीने ती तोडली. ४११ मधील कार्थेजच्या परिषदेनंतर डोनाटिस्टांवर दंड आणि जप्ती आली. देहान्त शिक्षेला ऑगस्टीनने विरोध केला हे खरे. पण जी साखळी स्वतःच्या बाबतीत केवळ कृपेने तुटते असे त्याने मानले, ती इतरांच्या बाबतीत राजदंडाने तोडण्यास त्याने संमती दिली. पुढील शतकांत धर्मछळाच्या समर्थकांनी या पत्राचा आधार घेतला.

उत्तरायुष्यात देवाची नगरी हा बावीस पुस्तकांचा ग्रंथ (४१३–४२६) त्याने पुरा केला. त्यानंतर आपल्या ९३ ग्रंथांची २३२ पुस्तके तपासून त्यांतील चुका नोंदवण्याचे काम त्याने हाती घेतले. आत्मपरीक्षण ही त्याची अखेरपर्यंतची शिस्त होती. ४३० मध्ये व्हँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातला. तापाने आजारी पडलेल्या ऑगस्टीनने दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रे लिहवून भिंतीवर लावून घेतली आणि ती वाचत तो रडत असे. वैद्य येण्याच्या आणि अन्न आणण्याच्या वेळांखेरीज कोणी आत येऊ नये, असे त्याने शेवटचे दहा दिवस सांगून ठेवले होते. २८ ऑगस्टला त्याचे निधन झाले. मृत्युपत्र केलेले नव्हते, कारण स्वतःचे असे काही उरलेले नव्हते. चर्चचा ग्रंथसंग्रह जपावा, एवढी त्याची सूचना होती. ही माहिती त्याचा सहकारी पोसिदियस याने लिहिलेल्या चरित्रात आहे.

ऑगस्टीनच्या नावाचे संन्यासी १५७२ मध्ये गोव्यात आले. जुन्या गोव्यातील मोंते सांतो टेकडीवर त्यांनी बांधलेले भव्य चर्च कृपेच्या मातेला अर्पण केलेले होते. १८३५ मध्ये संन्यासी संघांचे विसर्जन झाल्यावर ते ओसाड पडले; आज त्याच्या घंटाघराचा भग्न मनोरा तेवढा उभा आहे. भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला मात्र ऑगस्टीनचा संबंध दगडांपेक्षा आत्मनिवेदनाच्या परंपरेत अधिक जाणवेल. स्वतःला पतित म्हणवणे आणि उद्धारासाठी ईश्वराला आळवणे हे संतवाणीत नित्याचे आहे. पण तेथे पाप बहुधा सर्वसामान्य रूपात येते. बहिणाबाईंसारख्या संतकवयित्रीने आयुष्यातील प्रसंग अभंगांतून सांगितले, तरी त्यांचा भर अपराधापेक्षा सोसण्यावर आणि साक्षात्कारावर आहे. चोरलेल्या फळांपासून ते शपथेच्या सवयीपर्यंत स्थळकाळासह हिशेब मांडण्याची ऑगस्टीनची रीत आपल्याकडे ठळकपणे दिसते ती गांधीजींच्या १९२५ ते १९२९ या काळात क्रमशः प्रसिद्ध झालेल्या सत्याच्या प्रयोगांत. तेथेही एक बालवयातील चोरी आहे आणि ब्रह्मचर्याचा दीर्घ झगडा आहे. परंतु प्रयोग या शब्दातच प्रयत्नावरचा विश्वास आहे. ऑगस्टीनला तो विश्वास पुरेसा वाटला नसता. स्वतःच्या मुक्तीचे श्रेय स्वतःकडे घेण्याची सवय त्याने सर्वांत शेवटची आणि सर्वांत अवघड मानली होती. चाळिशीनंतर, सर्वत्र कीर्ती पसरलेली असताना, ही सवय अद्याप सुटलेली नाही असे त्याने लिहून ठेवले.